फर्रुखी यझदी

फर्रुखी यझदी (सु. १८८९ – ऑक्टोबर १९३९) : इराणी कवी, पत्रकार आणि संसद सदस्य. मूळ नाव मोहम्मद; ‘फर्रुखी’ हे काव्यनाम. जन्म यझद येथे. मुंबई-पुण्यातल्या इराणी हॉटेलांचे अनेक मालक मूळचे यझद परिसरातले झरथुष्ट्री, त्यामुळे मध्य इराणच्या वाळवंटाकाठी वसलेल्या या विणकरांच्या शहराचे नाव आपल्याकडे कानावर असते. फर्रुखी मात्र तिथल्या साध्या मुस्लिम कुटुंबातले. इंग्रज मिशनऱ्यांच्या शाळेत ते काही वर्षे शिकले. पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळेविरुद्ध कविता लिहिली म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे त्यांनी कापडाच्या आणि पावाच्या धंद्यात मजुरी केली. औपचारिक शिक्षण तेवढ्यावरच संपले. तेराव्या शतकातला फार्सी कवी सादी मात्र त्यांनी मन लावून वाचला होता, आणि ती बैठक त्यांच्या गझलेत अखेरपर्यंत जाणवते.

१९०६ मध्ये इराणमध्ये घटनात्मक राजवट आली आणि तेहरानमध्ये ‘मजलिस’ ही संसद बसू लागली. यझदच्या डेमोक्रॅट गटात फर्रुखी तरुणपणीच सामील झाले. नवरोजच्या (इराणी नववर्षाच्या) दिवशी गावातल्या कवींनी सुभेदाराच्या वाड्यावर जाऊन त्याची स्तुती गायची, बिदागी घ्यायची आणि घरी परतायचे, असा जुना रिवाज होता. १९१० च्या सुमारास फर्रुखींनी नवरोजला एक मुसम्मत (कडव्यांची दीर्घ कविता) रचली. तिच्यात स्तुती नव्हतीच. उलट इराणी दंतकथेतल्या झह्हाक या जुलमी राजाची आठवण देऊन सुभेदार झैगमुद्दौला कश्काई याला घटनेप्रमाणे वागण्याची तंबी होती. सुभेदाराने सुई-दोरा मागवून कवीचे ओठ शिवायला लावले आणि त्यांना तुरुंगात टाकले.

ही गोष्ट इराणभर पसरली. यझदच्या लोकांनी निषेधाच्या तारा केल्या, मजलिसमध्ये गृहमंत्र्याला प्रश्न विचारले गेले आणि त्याने असे काही घडलेच नाही म्हणून हात झटकले. खुद्द फर्रुखींनी तुरुंगातून डेमोक्रॅटांना कविता पाठवली : माझ्या शिवलेल्या ओठांकडूनच ही कहाणी ऐका. दोनेक महिन्यांनी ते पळाले. पळण्यापूर्वी त्यांनी कोठडीच्या भिंतीवर कोळशाने दोन ओळी लिहून ठेवल्याचे सांगतात; आयुष्य तुरुंगातच सरले नाही तर तेहरानला गाठ आहे, असा त्यांचा आशय. ते खरोखरच तेहरानला पोहोचले.

ओठांच्या या कथेने फर्रुखी दंतकथा बनले, आणि त्यात त्यांचे थोडे नुकसानही झाले. आजही त्यांच्याविषयीचे बहुतेक लेखन याच प्रसंगाशी थांबते. त्यांचे खरे काम पुढच्या वीस वर्षांतले आहे, आणि ते मुख्यतः वर्तमानपत्रातले आहे.

पहिल्या महायुद्धात रशियन आणि ब्रिटिश फौजा इराणमध्ये घुसल्या, तेव्हा फर्रुखींना देश सोडून बगदाद-करबलाकडे जावे लागले. इंग्रज मागावर असल्यामुळे मोसुलमार्गे ते परतले. इराणचा कारभार ब्रिटिश सल्लागारांच्या हाती देऊ पाहणाऱ्या १९१९ च्या कराराला त्यांनी कवितेतून कडाडून विरोध केला, तेव्हा पुन्हा तुरुंग. १९२१ च्या लष्करी उठावानंतर आणखी काही महिने कैद. सुटल्यावर त्याच वर्षी त्यांनी ‘तूफान’ हे वर्तमानपत्र सुरू केले.

‘तूफान’ कसे चालले हे समजून घेण्यासारखे आहे. इराणमध्ये वर्तमानपत्र काढायला सरकारी परवाना लागे. परवाना रद्द झाला की पत्र बंद. फर्रुखींनी त्यावर तोड काढली : दुसऱ्या कुणाच्या नावावरचा, वापरात नसलेला परवाना मिळवायचा आणि त्याच्या शीर्षकाखाली आपला मजकूर छापून वर्गणीदारांना पाठवायचा. ‘सितारा-ए-शर्क’, ‘कियाम’, ‘पैकार’ ही अशी उसनी नावे. ‘तूफान’वर पंधराहून अधिक वेळा बंदी आली असे सांगितले जाते. अग्रलेखाचे विषय लष्करी कायदा, मंत्र्यांची मनमानी, परकीय वकिलातींची ढवळाढवळ, मजुरांची आणि शेतकऱ्यांची दैना. अग्रलेखासोबत अनेकदा त्याच विषयावर एक रुबाई असे. अग्रलेख वाचणारे थोडे, पण चार ओळी तोंडपाठ करून चहाच्या दुकानात म्हणून दाखवणारे पुष्कळ. सेन्सॉरला खरी धास्ती या दुसऱ्या वर्गाची होती, असे मानायला हरकत नाही. त्या काळी हे काम जिवावरचे होते. फर्रुखींचे समकालीन कवी-संपादक मीरझादा इश्की यांना १९२४ मध्ये तेहरानमधल्या त्यांच्या घरीच गोळ्या घालण्यात आल्या.

रशियन क्रांतीच्या दहाव्या वाढदिवसासाठी १९२७ मध्ये फर्रुखी मॉस्कोला गेले. त्यांना समाजवादी म्हणतात ते खरे. पण त्यांच्या समाजवादात सिद्धान्तापेक्षा मजुरी केलेल्या माणसाचा संताप अधिक होता.

१९२८ मध्ये ते सातव्या मजलिसवर यझदचे प्रतिनिधी म्हणून निवडून आले. तोवर १९२१ च्या उठावाचा लष्करी नेता रझा खान गादीवर बसून रझाशाह झाला होता आणि मजलिस हुकमाची ताबेदार झाली होती. विरोधी बाकावर फर्रुखी आणि महमूद रझा तुलू असे दोघेच उरले. सभागृहात शिवीगाळ रोजची होती; एका सदस्याने तर फर्रुखींवर हात टाकला. जिवाला धोका आहे म्हणून ते काही दिवस मजलिसच्या इमारतीतच राहिले आणि मग गुपचूप देशाबाहेर पडले. मॉस्कोहून बर्लिनला गेल्यावर तिथल्या फार्सी ‘पैकार’ या पत्रात (तेहरानच्या उसन्या ‘पैकार’हून हे वेगळे) त्यांनी रझाशाहविरुद्ध लिहायला सुरुवात केली. इराण सरकारच्या दबावामुळे जर्मनीत त्या पत्रावर कारवाई झाली.

दरबारमंत्री तैमूरताश युरोपात आला असता त्याने अभय दिले आणि त्या भरवशावर फर्रुखी १९३२-३३ च्या सुमारास परतले. हा त्यांचा सर्वांत मोठा भाबडेपणा म्हणावा लागेल. पण शब्द देणाराही फार काळ टिकला नाही. शाहची मर्जी खप्पा झाली आणि ऑक्टोबर १९३३ मध्ये तैमूरताश तेहरानच्या कस्र तुरुंगात मेला. फर्रुखींना पकडण्यासाठी निमित्त सापडले ते ‘तूफान’च्या काळातल्या एका कागद व्यापाऱ्याच्या थकबाकीचे. मग कर्जाच्या खटल्यावर राजद्रोहाचा खटला चढला आणि शिक्षा वाढत गेली. तुरुंगात त्यांनी अफू खाऊन जीव देण्याचाही प्रयत्न केला. कविता मात्र थांबली नाही. इतर कैद्यांनी ती पाठ करून ठेवली.

ऑक्टोबर १९३९ मध्ये तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. सरकारी नोंदीत कारण मलेरिया आणि मूत्रपिंडाचा दाह असे आहे. १९४१ मध्ये रझाशाह पदच्युत झाल्यावर तुरुंगाच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले, तेव्हा कैद्यांना हवेची सुई टोचून मारणारा म्हणून कुख्यात असलेल्या अहमदी या तुरुंगातल्या ‘डॉक्टर’कडे या मृत्यूबद्दलही बोट दाखवले गेले. अहमदीला पुढे फाशी झाली. फर्रुखींची कबर कुठे आहे, हे निश्चित झालेले नाही.

त्यांची कीर्ती मुख्यतः गझल आणि रुबाईवर आहे. गझलेचा साचा त्यांनी मोडला नाही. वृत्त, काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारा शब्द) सारे जुन्या शिस्तीचे. बदलली ती प्रेयसी. ‘आझादी’ हा रदीफ घेऊन लिहिलेल्या त्यांच्या प्रसिद्ध गझलेत आशिक ज्या पायांवर डोके ठेवतो ते स्वातंत्र्याचे आहेत. विळा, हातोडा, मालक, मजूर हे शब्द ते सादीच्या घाटात बसवतात. कधी ते चपखल बसतात, कधी नुसती घोषणा उरते. हुसेन मक्की यांनी संपादित केलेला त्यांचा दिवाण (काव्यसंग्रह) रझाशाहच्या पाडावानंतर प्रसिद्ध झाला. त्यातल्या रुबाया वाचताना अडचण येते ती एकच : प्रत्येक रुबाई कुठल्यातरी दिवसाच्या बातमीला चिकटलेली आहे, आणि ‘तूफान’चा तो अंक शेजारी असल्याशिवाय तिचा नेम कुणावर होता हे कळत नाही.