मुंबई बंदर बंद पडलेलं नाही

'न्हावाशेवा आलं आणि मुंबई बंदर संपलं,' असं हार्बर लोकलमधून कॉटन ग्रीनची ओस गोदामं बघत वर्षानुवर्षं बोललं जातं. १९८९मध्ये समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावर न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं, हळूहळू कंटेनर तिकडे गेले, एवढंच खरं. २०२२-२३मध्ये मुंबई बंदरानं सुमारे ६ कोटी ३६ लाख टन माल हाताळला, आदल्या वर्षापेक्षा जास्त. मग तो दिसत का नाही? कारण त्यात मोठा वाटा तेलाचा. तेलवाहू जहाजं बंदरातल्या जवाहर द्वीप या बेटाला लागतात, कच्चं तेल समुद्राखालच्या नळांतून थेट माहुलच्या रिफायनऱ्यांत पोचतं. ना ट्रक, ना हमाल. गोदीतला रोजगार आटला, ही घराघरातली जखम खरीच आहे. माल मात्र आटलेला नाही. शिवाय गोव्याला जाणाऱ्या क्रूझही इथूनच सुटतात.