‘हार्ट फेल’च्या आधीच्या खुणा कशा ओळखीच्या झाल्या

‘त्यांचं हार्ट फेल झालं’ असं आपल्याकडे म्हणतात तेव्हा माणूस अचानक गेला, एवढाच अर्थ असतो. डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात तो आजार वेगळा. त्यात हृदय चालूच असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त ढकलणं त्याला जमेनासं होतं. हे बहुधा हळूहळू, महिनोन्‌महिने होत जातं. शब्दाच्या या घोळामुळे कित्येक घरांत डॉक्टरांकडे जायला उशीर होतो, याची मला फार काळजी वाटते.

लक्षणं जुनीच आहेत, फक्त ती दुसऱ्याच आजारांच्या खात्यावर जमा होत राहिली. पाय नि पोट सुजलं की युरोपात ‘ड्रॉप्सी’, म्हणजे अंगात पाणी झालं, असं म्हणून मोकळे होत. १७७५ मध्ये इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम विदरिंग यांच्यासमोर श्रॉपशरमधल्या एका म्हातारीचं गुपित औषध आलं. वीसेक वनस्पतींच्या त्या मिश्रणात गुण फॉक्सग्लोव्हचा आहे, हे त्यांनी हेरलं. दहा वर्षं रुग्णांवर वापरून १७८५ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. हृदयाच्या गतीवर या औषधाचा ताबा चालतो हेही त्यांनी नोंदवलं, तरी सुजेचं मूळ हृदयात असू शकतं ही गाठ त्यांना पुरती सुटली नाही.

१८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक यांनी स्टेथोस्कोप बनवला आणि छातीतले आवाज नीट ऐकू येऊ लागले. तरीही चुका थांबल्या नाहीत. १९४४ च्या सुरुवातीला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट सारखे खोकत होते, थकत होते. फ्लू, ब्राँकायटिस असंच धरून चाललं होतं. २७ मार्चला नौदलातले हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासलं. जरा हालचाल केली तरी धाप, रक्तदाब १८६/१०८, एक्स-रेत हृदय मोठं झालेलं, फुप्फुसांच्या तळाशी बुडबुड्यांसारखा आवाज. निदान झालं हार्ट फेल्युअरचं. फॉक्सग्लोव्हच्याच पानांपासूनचं डिजिटॅलिस सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांत छाती मोकळी झाली. देशाच्या अध्यक्षांचा खोकला छातीच्या खात्यावर गेला, तिथे आपल्या आजी-आजोबांचा काय सुटणार!

मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षं तपासणी होत राहिली. त्यातूनच १९७१ मध्ये हार्ट फेल्युअरच्या निदानाचे निकष आले. घोट्याची सूज, रात्रीचा खोकला, चालताना लागणारा दम यांना त्यात दुय्यम स्थान आहे, कारण सूज मूत्रपिंडामुळे किंवा शिरांमुळेही येते. मुख्य निकषांत मात्र झोपेतून दचकून जागं करणारी धाप आहे. दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं, अशक्त हृदयाला ते पेलत नाही आणि फुप्फुसांत दाब वाढतो. माणूस तासा-दोन तासांत उठून बसतो, खिडकी उघडतो. एकाच्या दोन उशा, दोनाच्या तीन होतात, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं, ॲसिडिटी असेल.’ मोज्याच्या रबराचा वळ संध्याकाळी खोल दिसतो. नडगीवर बोट दाबलं तर खळगा लगेच भरत नाही.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी आजाराचे चार टप्पे ठरवले. त्यातल्या पहिल्या टप्प्यात एकही लक्षण नसलेले, पण उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेले लोक येतात. निदान झालेल्या रुग्णांना आज डॉक्टर रोज सकाळी वजन करायला सांगतात. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ते साचलेलं पाणी असू शकतं, म्हणून डॉक्टरांना लगेच कळवायचं असतं.