बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा
ट्रॅक्टर, जीप, जिप्सी आणि वावर-पांदणीत चालणाऱ्या इतर गाड्यांच्या मालकांसाठी

"सेल्फ घेत नाही, नवीन बॅटरी टाकून द्या," असं सांगत आमच्या गॅरेजमध्ये आलेल्या कितीतरी गाड्यांची बॅटरी चांगली निघते. ऐन पेरणीच्या तोंडावर हा खर्च उगाच होऊ नये, म्हणून हे पत्रक.

घरी साधा डिजिटल मीटर ठेवा. मीटर डीसी २० व्होल्टवर लावून, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी चावी लावायच्या आधी मोजा. १२.६ दाखवलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मीच. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग बाकीचं तपासा. भरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू करून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ यायला हवेत. वाढलाच नाही तर आधी फॅन बेल्ट दाबून पाहा, ढिला असतो. १५ च्या वर गेला तर चार्जिंगचा व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरीचं पाणी उडतंय.

एवढं सगळं ठीक असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची इंजिन-चेसिसशी असलेली जोडणी, तपासा. मागच्या पावसाळ्यात एक छोटा ट्रॅक्टर आला होता, वर्षभरात दोन बॅटऱ्या बदललेला. आम्ही मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावरच टेकवली (क्लॅम्पवर नव्हे), लाल पिन इंजिनच्या उघड्या बोल्टवर धरली आणि सेल्फ मारायला लावला. मीटरवर ०.९ व्होल्ट. हा आकडा ०.३ च्या आत हवा. चेसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट खोलला, तर पट्टीखाली काळ्या मातीचा थर बसलेला आणि त्याच्याआड हिरवी-पांढरी भुकटी. आपली काळी माती वरून सुकली तरी आत ओल धरून ठेवते, तिथेच तांबं खातं. पॉलिश पेपरने घासून वायरच्या टोकाला नवीन थिंबल (बोल्टखाली बसणारी कडी) लावलं, बोल्ट कसून वरून ग्रीस लावलं. बॅटरी तीच ठेवली, ट्रॅक्टर पहिल्याच सेल्फला उठला.

ही तपासणी करताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद आणि डिझेल बंद करायचा नॉब ओढलेला असू द्या. दुपट्टा-गमछा फॅनपासून दूर ठेवा. बॅटरीतून निघणारा गॅस पेट घेतो, म्हणून जवळ बिडी नको.

बॅटरी काढताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी. उलटं केलं आणि प्लस खोलताना पाना बॉडीला टेकला, तर जागेवर ठिणगी उडते. ट्रॉलीच्या हुकाला किंवा चेसिसला वेल्डिंग करायचं असेल तेव्हाही मायनस सोडा, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची वायरसुद्धा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत दर पंधरवड्याला बॅटरीचं पाणी बघा, प्लेटा साधारण १० मिलिमीटर पाण्याखाली बुडालेल्या हव्यात. फक्त डिस्टिल वॉटर टाका. अॅसिड नाही, बोअरचं पाणी तर अजिबात नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या ग्राहकांना हे आवर्जून सांगतो, कारण त्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात.

कापूस वेचून झाला की गाडीशेजारीच गंजी लागते, तिथे उंदीर येतात आणि वायरिंग कुरतडतात. उघडी वायर बॉडीला लागली की फ्यूज जातो. तिथे सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळू नका, तार जोडू नका! फ्यूज वाचला तरी वायर तापते, आणि शेजारी कापूस असतो. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. गेला त्याच रंगाचा बसवा, आणि पुन्हा गेला तर गाडी आमच्याकडे आणा.

सोयाबीनच्या मळणीनंतर रेडिएटरच्या जाळीतला भुसा इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला हवा मारून काढा. ऑइलचा एअर फिल्टर असेल तर वाटीतलं ऑइल चिखलासारखं घट्ट होऊ देऊ नका. चिखलातून आल्यावर ग्रीस निपल पुसून ग्रीस भरा.

बॅटरी, चार्जिंग आणि अर्थिंगची मीटरवरची तपासणी आम्ही मोफत करतो. येताना बॅटरीचं वॉरंटी कार्ड सोबत आणा, आणि जमलं तर सकाळी, इंजिन थंड असताना या.