मुक्त बेघर बंद्यांचे पुनर्वसन (कोकण)

कारागृहातून सुटलेल्या, पण जायला घर नसलेल्या माणसाला निवारा, कागदपत्रे, काम आणि शेजार परत मिळवून देण्याचे काम. सरकारी भाषेत याला अनुरक्षण म्हणतात. कोकण किनाऱ्यावर अलिबाग, रत्नागिरी आणि सावंतवाडी येथे कारागृहे आहेत. अलिबागचे तर आंग्रेकालीन हिराकोट किल्ल्यातच आहे. मोठ्या शिक्षेचे बंदी (कैदी) मध्यवर्ती कारागृहांत जातात, त्यामुळे कोकणातला माणूस पुष्कळदा दूरच्या गावी सुटतो आणि एसटीने परततो. हातात एक पिशवी, अंगावर अटकेच्या दिवशीचे कपडे.

कोकणात बेघर म्हणजे फलाटावर झोपणाराच असे नाही. सातबाऱ्यावर नाव असते, पण सामायिक. घर असते, पण किल्ली मुंबईच्या चुलतभावाकडे. आई आहे तोवर निदान पडवी हक्काची. मुलगा आत असताना ती गेली, की घर गणपतीला आणि शिमग्याला उघडते आणि चाकरमानी परतले की पुन्हा कुलूप. दुसरा वर्ग बाहेरून आलेल्यांचा: बागेतले राखणदार, खलाशी, चिरेखाणीतले (जांभा दगडाच्या खाणीतले) मजूर. इथेच पकडले गेले, इथेच सुटले आणि इथे त्यांचे कोणीच नाही.

बेघरपणाची झळ सुटकेआधीच लागते. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. मोतीराम प्रकरणात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागणे आणि जामीनदार भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारणे, दोन्हींवर टीका केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिलाच गुन्हा असलेल्या न्यायाधीन (खटला अजून चालू असलेल्या) बंद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर बंधपत्रावर सोडता येते. फाशी व जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. २०२३ च्या केंद्रीय योजनेत गरीब न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षाबंद्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरवली होती. विनामूल्य वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण देते. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांसाठी मात्र पोलीस पत्त्यावर चौकशीला जातात. पत्ताच नसेल तर चौकशी कुठे करणार? म्हणून असा बंदी रजेची उजळणी न होता एकदम कायमचा बाहेर पडतो. १९२४ मध्ये सावरकरांना सोडताना सरकारने रत्नागिरी जिल्ह्यातच राहण्याची अट घातली होती. बेघर बंद्याची अडचण नेमकी उलटी, त्याला राहा म्हणणारा जिल्हाच नसतो.

काम मिळणे त्या मानाने सोपे असते. ते टिकवणे कठीण, आणि त्याला कारण ऋतू. मोहोर आला की हापूसच्या बागेत फवारणी, माकडांपासून राखण, मग झेल्याने आंबा उतरवणे आणि पेट्या भरणे अशी कामे निघतात. खोपीत झोपायचे, बागवाल्याकडे जेवायचे. मिरकरवाडा, हर्णै, मालवण येथील बोटींवरचा खलाशी होडीवरच जेवतो आणि तिथेच पडतो. तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) दोर धरणारे हात हवे असतात, पूर्वेतिहास तो फारसा विचारत नाही. पण जून उजाडला की हे सारे एकदम मिटते. आंबा संपतो, चिरेखाणीत पाणी भरते, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. लावणीची मजुरी थोडे दिवस मिळते, पण तिच्यासोबत अंथरूण मिळत नाही. एरवी खलाशी हे दिवस पुढच्या हंगामाच्या उचलीवर काढतात. ज्याच्या घराची कोणाला खात्री नाही त्याला उचल कोण देणार? कोसळत्या आषाढात एसटी स्थानकाचे बाकडे आणि जुनी संगत एवढेच उरते. मदत सुटकेच्या दिवशी दिली जाते. गरज खरी या दोन महिन्यांत असते.

सरकारी बाजू परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सांभाळतो; तो महिला व बालविकास विभागाचा. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून बंदी व मुक्त बंद्यांसोबत काम करतो, पण मुख्यतः मुंबई-ठाण्याच्या बाजूला. शहरी बेघर निवाऱ्यांचे गणित लाख लोकसंख्येमागे एक असे मांडलेले आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहरही लाखाच्या आत होते, सावंतवाडीचे तर नावच नको. दक्षिण कोकणात हा भार संस्थांवर पडतो. कुडाळ तालुक्यात पणदूरचा सविता आश्रम बेघर-निराधारांना सांभाळतो. मनोरुग्ण बेघरांसाठी रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि कर्जतचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे.

शेवटचा शब्द गावकीचा. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला, आणि त्यामागे रायगडातल्या प्रकरणांचा मोठा वाटा होता. पण सुटून आलेल्याला उघडपणे कोणी वाळीत टाकत नाही. शिमग्याची पालखी फक्त त्याच्यापाशी थांबत नाही, कारण थांबायला त्याचे दारच नसते. वाडीने मनावर घेतले तर एक जुनी सोय निघते: बंद घराची राखण. अंगणातले गवत काढायचे, पावसात कौले बघायची, तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावायचा. त्या बदल्यात पडवी मिळते, आणि रहिवासी दाखल्यावर लिहायला घर क्रमांक. गणपतीत मालक आले, की त्याने पंधरा दिवस मांगरात (घरापासून वेगळ्या खोपटात) झोपायचे.