पाइनच्या खोडात सापडलेली युद्धनौका

झाडाचं वय मोजायला ते तोडावं लागत नाही. पोकळ गिरमिट खोडात फिरवलं की पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी बाहेर येते आणि तिच्यावर वर्षागणिक एक वलय दिसतं. जर्मनीतल्या माइन्त्स विद्यापीठाच्या क्लाउडिया हार्टल यांनी नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, कोफ्योर्ड या खाडीच्या काठावरच्या पाइनमधून अशा कांड्या काढल्या, तेव्हा कित्येक झाडांत १९४५चं वलयच नव्हतं. आजूबाजूच्या झाडांच्या रुंद-अरुंद वलयांशी क्रम जुळवून पाहिला की नेमकं कुठलं वर्ष गायब आहे ते कळतं. आधी संशय किडीवर गेला. मग उत्तर नॉर्वेतल्याच ट्रॉम्सो शहरातल्या एका सहकाऱ्यानं आठवण करून दिली: दुसऱ्या महायुद्धात इथं ‘टिर्पिट्झ’ उभी होती.

‘टिर्पिट्झ’ म्हणजे ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेची धाकटी बहीण, त्याच बांधणीची दुसरी युद्धनौका. लांबी २५१ मीटर, ३८ सेंटिमीटर तोंडाच्या ८ तोफा. १९४१मध्ये ती जर्मन नौदलात दाखल झाली, पण शत्रूच्या जहाजावर तिच्या या मोठ्या तोफा कधी धडाडल्याच नाहीत. नॉर्वेच्या खाड्यांत नुसतं दबा धरून बसणं, हीच तिची मुख्य कामगिरी. तेवढ्यानंही ब्रिटिशांची झोप उडाली होती. जुलै १९४२मध्ये ती निघाल्याच्या नुसत्या धास्तीनं रशियाकडे निघालेला ‘पीक्यू-१७’ हा मालवाहू जहाजांचा ताफा पांगवला गेला आणि त्यातली बहुतेक जहाजं पाणबुड्यांनी आणि विमानांनी टिपली.

विमानांपासून तिला लपवायला जर्मन सैनिक खाडीभर धूर सोडत. धूर म्हणायचं इतकंच, यात जळत काहीच नाही. क्लोरोसल्फॉनिक आम्ल हवेत फवारलं की ते बाष्पाशी झटकन संयोग पावतं; गंधकाम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन त्यांच्या सूक्ष्म थेंबांचं दाट पांढरं धुकं पसरतं. जहाज झाकलं जायचं, पण तेच थेंब पाइनच्या पानांवरही बसायचे. पाइनची सुईसारखी पानं दरवर्षी गळत नाहीत, वर्षानुवर्षं टिकतात. ती करपली म्हणजे झाडाची अनेक वर्षांची कमाई एका फटक्यात गेली. पान नाही तर प्रकाशसंश्लेषण नाही, आणि मग नवं लाकूडही नाही.

सप्टेंबर १९४४मध्ये धुकं असूनही ५ टनांहून जड एक ब्रिटिश ‘टॉलबॉय’ बॉम्ब जहाजाच्या पुढच्या टोकावर बसला. आता ते समुद्रात जाण्याजोगं उरलं नव्हतं, म्हणून त्याला तरता तोफखाना म्हणून ट्रॉम्सोजवळ आणून उभं केलं. १२ नोव्हेंबरला ब्रिटिशांची ३२ लँकेस्टर बॉम्बफेकी विमानं आली तेव्हा आकाश निरभ्र होतं आणि इथली धुक्याची यंत्रं अजून तयार नव्हती. टॉलबॉय थेट आदळले, काही अगदी लगत फुटले, आणि जहाज उलटं झालं. पाणी उथळ असल्यानं तळ वरच राहिला. पोलाद कापून आतून ८०हून अधिक माणसं जिवंत काढली. मेलेल्यांची संख्या हजाराच्या आसपास.

युद्धानंतर सांगाडा भंगारात गेला. १९५७पर्यंत त्याचे तुकडे पाडणं चालू होतं. कोफ्योर्डच्या एका पाइननं १९४५पासून ९ वर्षं एकही वलय धरलं नाही. त्याची वाढ पूर्ववत व्हायला ३० वर्षं लागली.