कॉलेजात नाव, क्लासमध्ये अभ्यास: इंजिनीअरिंग प्रवेशाच्या तयारीची पार्श्वभूमी

अकरावी-बारावी सायन्सचे विद्यार्थी आज कॉलेजात कमी आणि क्लासमध्ये जास्त दिसतात. पालकांच्या हव्यासाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण गेल्या चाळीसेक वर्षांत प्रवेशाचे नियम कसकसे बदलले ते पाहिलं, की मुलांची तयारी दर वेळी त्या नियमांच्याच मागे धावत गेली हे लक्षात येतं.

महाराष्ट्रात बराच काळ इंजिनीअरिंगचा प्रवेश बारावीच्या पीसीएमच्या, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सच्या गुणांवर ठरत असे. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशी मोजकीच कॉलेजं आणि मोजक्याच जागा. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, सोबत देणग्याही आल्या. १९८७ मध्ये राज्याने अशा देणग्यांविरुद्ध, म्हणजे कॅपिटेशन फीविरोधी कायदा केला. पुढे १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कॉलेजांतल्या जागांची 'फ्री' आणि 'पेमेंट' अशी विभागणी केली. गुणवत्ता यादीत थोडं वर असलेल्या मुलाला सरकारी फीमध्ये जागा मिळे, थोडं खाली असलेल्याच्या घरच्यांना कितीतरी जास्त पैसे भरावे लागत. बारावीच्या एकेका गुणाला असं रोख मोल आलं. लातूरच्या कॉलेजांतल्या तयारीच्या पद्धतीचा, 'लातूर पॅटर्न'चा, राज्यभर झालेला बोलबाला याच काळातला. पोर्शन लवकर संपवायचा, मग सराव परीक्षांवर सराव परीक्षा आणि उत्तरपत्रिकेतली प्रत्येक चूक दाखवून द्यायची. त्यावर घोकंपट्टीचा शिक्का मारला गेला, पण ज्या मुलांना मुंबई-पुण्याची वाट ठाऊक नव्हती त्यांना या पद्धतीने ती दाखवली, हे मान्य करायलाच हवं.

आयआयटीचं जग वेगळं होतं. खरगपूरची पहिली संस्था १९५१ ची. साठच्या दशकापासून आयआयटींची सामाईक प्रवेश परीक्षा (जेईई) होऊ लागली आणि बोर्डाच्या तयारीवर ती निघत नसे. राजस्थानातल्या कोटा शहरात जे. के. सिंथेटिक्समध्ये इंजिनीअर असलेल्या व्ही. के. बन्सल यांनी मस्क्युलर डिस्ट्रॉफीने ग्रासलेलं असताना घरी शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून ऐंशी-नव्वदच्या दशकांत कोचिंगचं अख्खं शहर उभं राहिलं. पण तयारीचं रूप पालटायला माझ्या मते २००६ साल अधिक कारणीभूत ठरलं. तोवर आधी चाळणी परीक्षा असे आणि नंतरच्या मुख्य परीक्षेत उत्तर पायऱ्या मांडून लिहावं लागे. त्या वर्षीपासून एकच परीक्षा आली, तीही पूर्ण वस्तुनिष्ठ. गणित कसं सुटलं हे तपासणारं कोणी उरलं नाही, आणि पर्याय गाळत उत्तरापर्यंत पोचण्याचं कसब क्लासच्या वेळापत्रकात आलं. आयआयटीबाहेरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांसाठी २००२ पासून होणाऱ्या एआयईईई या देशपातळीच्या परीक्षेची जागा २०१३ मध्ये जेईई मेनने घेतली.

महाराष्ट्रात दरम्यान राज्याची स्वतःची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, रुळली होती. २०१४ मध्ये इंजिनीअरिंगसाठी ती बंद करून निम्मं वजन जेईई मेनला आणि निम्मं बारावीला देण्यात आलं. आयआयटीचा विचारही न केलेल्या मुलांना एकाएकी देशपातळीच्या पेपरची तयारी करणं भाग पडलं. तालुक्याच्या गावी तसं शिकवणारं कोण होतं? दोन वर्षांत निर्णय फिरला आणि २०१६ ला सीईटी परतली. क्लासकडे वळलेली मुलं मात्र परतली नाहीत. कॉलेजात फक्त नाव आणि शिकवणी क्लासची, असं कॉलेज आणि क्लास यांचं 'इंटिग्रेटेड' साटंलोटं इतकं वाढलं, की २०१८ मध्ये सरकारला सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला.

मुलं असं का करतात ते पेपर पाहिल्यावर कळतं. एमएचटी-सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. चुकीला गुण कापले जात नाहीत, म्हणून शेवटच्या मिनिटात उरलेल्या सगळ्या प्रश्नांना कुठला तरी पर्याय निवडून टाकायचा. जेईई मेनमध्ये तोच अंदाज चुकला तर एक गुण जातो. बोर्डाच्या पेपरला डेरिव्हेशन सविस्तर लिहावं लागतं. एकाच वर्षात तीन वेगळ्या सवयी हाताला लावायच्या असतात आणि त्यांतली बोर्डाची सवय प्रवेशाच्या यादीत मोजलीच जात नाही, बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते उरले आहेत.

भाषेचंही असंच झालं. राज्य जेईईत सामील झालं तेव्हा २०१४ पासून तिचा पेपर मराठीत मिळू लागला, राज्य बाहेर पडताच २०१६ ला तो बंद झाला. २०२१ मध्ये परीक्षा तेरा भाषांत घेण्याचं ठरलं तेव्हा मराठी परत आली. राज्याच्या स्वतःच्या सीईटीत मात्र फिजिक्स-केमिस्ट्री मराठीत घेता येतं आणि गणिताचा पेपर इंग्रजीतच द्यावा लागतो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलामुलींसाठी गणिताचा पेपरही मराठीत देणं, एवढी एक गोष्ट तरी राज्याच्या हातात आहे, आणि ती करायला जेईईचे नियम बदलायची वाट पाहावी लागत नाही.