सांस्कृतिक धक्का : नोकरीनिमित्त परमुलखात

नोकरीसाठी परक्या मुलखात राहायला गेल्यावर अंगवळणी पडलेल्या रीतीभाती तिथे लागू पडेनाशा होतात. त्यातून मनाची जी घालमेल होते तिला सांस्कृतिक धक्का म्हणतात. बोलताना सर्रास कल्चर शॉक म्हटले जाते. तो सहसा एका दणक्यात बसत नाही. दुकानात, जिन्यात, बैठकीत बारीकसारीक ठेचा लागत राहतात आणि साचत जातात. हवा वेगळी, भाषा वेगळी, अन्न वेगळे, हे माणसाने निघतानाच धरलेले असते. दमवतात ते लहान फरक: नाही कसे म्हणायचे, न कळवता कुणाच्या दारात उभे राहायचे की नाही, समोरचा गप्प आहे म्हणजे रागावला आहे का.

ही संज्ञा रूढ झाली ती कॅलर्व्हो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञांमुळे. कॅनडातल्या एका फिनिश कुटुंबात १९०१ साली जन्मलेले ओबर्ग पुढे कामानिमित्त ब्राझीलमध्ये राहत होते. तिथे १९५४ मध्ये रिओ दि जानेरोच्या एका महिला क्लबात त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले आणि १९६० मध्ये ते लेखरूपाने छापून आले. त्यांनी सांगितलेली लक्षणे आजही कुणालाही ओळखीची वाटतील: सारखे हात धुणे, पिण्याच्या पाण्याची नको इतकी धास्ती, किरकोळ दिरंगाईवर भडकणे, शून्यात नजर लावून बसणे, तिथे मुरलेल्या आपल्याच देशाच्या माणसाला चिकटून राहणे. नव्याचे नऊ दिवस, मग चीड, मग हळूहळू जम आणि शेवटी रुळणे, अशा चार अवस्था त्यांनी कल्पिल्या होत्या.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये असाच आलेख मांडला. अमेरिकेत शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या नॉर्वेजियन लोकांपैकी सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले त्यांना बरेच समाधानी दिसले, मधल्या मुदतीचे नाराज. इंग्रजी यू अक्षरासारखा हा आलेख प्रशिक्षणवर्गांत अजून दाखवतात. पण त्यात एकाच माणसाचा माग काढलेला नव्हता. वेगवेगळ्या मुदतीची वेगवेगळी माणसे तोलली होती. पुढे मानसशास्त्रज्ञ कोलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांना वर्षभर पुनःपुन्हा गाठले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वांत जास्त त्रास पोहोचल्या पोहोचल्याच दिसला. म्हणजे ‘सहा महिने कळ काढ, आपोआप जमेल’ या सल्ल्याचा पाया कच्चा आहे. पहिल्याच आठवड्यात ज्याला रडू येते, त्याला ‘आत्ता तर मजेचे दिवस’ म्हणून गप्प करणे तर सरळ अन्यायाचे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने आज जर्मनीचे उदाहरण महत्त्वाचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. माहिती तंत्रज्ञानातली मंडळी आधीपासून जात होतीच. आता परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक यांचाही विचार सुरू झाला. पहिली ठेच बहुधा घरात लागते. भाड्याचा फ्लॅट पुष्कळदा नुसत्या भिंतींचा मिळतो. ओटा, कपाटे, कधी छताचे दिवेसुद्धा आधीचा भाडेकरू काढून नेतो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि करक्रमांकापासून पुढची कागदपत्रे तिच्यावर अवलंबून असतात. ही कागदपत्रे, बँकेचे कार्ड, विम्याची पत्रे टपालाने येतात. इमारतीत फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. पोस्टमन घंटीवरचे आणि पत्रपेटीवरचे आडनाव बघतो. ते नसेल तर पत्र परत जाते. कार्डाची वाट बघून हैराण झालेल्या माणसाचे काम कित्येकदा पेटीवर चिकटवलेल्या आडनावाच्या एका पट्टीने होते, पण ही गोष्ट तिथे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे कुणी सांगत नाही.

रविवारी दुकाने बंद असतात, रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते. उशिरा मिक्सर लावला आणि शेजाऱ्याने येऊन सुनावले, तर ते वैर समजू नये; नियम तोंडावर सांगणे ही तिथली रीतच आहे. कार्यालयातही वरिष्ठ भर बैठकीत ‘हे चुकले आहे’ म्हणतात आणि थोड्या वेळाने त्याच माणसाबरोबर जेवायला जातात. आपल्याकडे ‘होईल सर’ हे पुष्कळदा मान राखण्यासाठी म्हटलेले असते. जर्मन वरिष्ठ त्यावरून तारीख ठरली असे धरतात. चार दिवस आधी ‘जमणार नाही’ सांगणाऱ्याला तिथे कमीपणा येत नाही, न सांगता मुदत चुकवणाऱ्यावरचा विश्वास मात्र उडतो. वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो, आणि आदल्या दिवशी शुभेच्छा देणे अशुभ मानतात.

यावरचे उपाय फार गूढ नाहीत. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांची मांडणी अशी की आपले सोडायचे नाही आणि तिथल्या समाजात मिसळायचेही, असे दोन्ही साधणारे सहसा बरे रुळतात. दोन्हीकडून तुटलेल्यांचे हाल सर्वांत जास्त. त्यासाठी दोन माणसे लागतात: पोटभर मराठीत बोलता येईल असे एक आणि न लाजता खुळे प्रश्न विचारता येतील असा एक स्थानिक. भाषा तर हवीच, पण वर्गात शिकलेली जर्मन घेऊन गेलेल्या परिचारिकेला त्याच राज्यातल्या स्टुटगार्टकडच्या रुग्णालयात म्हातारी माणसे श्वाबियन या तिथल्या बोलीत बोलताना भेटतात आणि सुरुवातीला काही कळत नाही. शिकण्यात काही कमी राहिले, असा याचा अर्थ मुळीच नाही. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, तर मात्र हे रुळण्याचे दिवस आहेत असे म्हणत बसू नये, डॉक्टर गाठावा.

मराठी समाजाला हा अनुभव नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून, साताऱ्याकडून आलेल्या कामगाराला गावकीच्या खोलीत पथारीपुरती जागा मिळे. पाळ्यांप्रमाणे माणसे आळीपाळीने झोपत. जेवण खानावळवाल्या बाईकडे, संध्याकाळी भजनी मंडळ, होळी-गणपतीला गाव. गिरणीत नोकरी लावून देणाराही बहुधा गावचाच असे. या खानावळवाल्या बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून उभी केली. नवख्याला सांभाळण्याची ही सगळी व्यवस्था होती, आणि तिचे निम्मे ओझे बायकांनी उचलले. परदेशात तेच काम महाराष्ट्र मंडळे करत आली आहेत. लंडनचे १९३२ पासूनचे आहे.

कंपन्या कर्मचाऱ्याला प्रशिक्षण देतात, सोबत जाणाऱ्या जोडीदाराला सहसा नाही. व्यवस्थापनाच्या अभ्यासक रोझली टंग यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी कंपन्यांची पाहणी केली, तेव्हा परदेशी नेमणूक फसण्याचे पहिले कारण जोडीदाराला जुळवून न घेता येणे हेच निघाले. नोकरदाराला निदान कामाच्या जागी माणसे भेटतात. नोकरी सोडून सोबत गेलेल्या बाईला भाषा नसेल, तर दिवसभरात बोलायला घरचे मूल आणि फोन एवढेच उरते. जाण्याआधी दोघांचाही भाषावर्ग व्हावा आणि तिच्या पदवीच्या मान्यतेची चौकशी भारतातूनच सुरू व्हावी, हे कंपनीकडून मागून घ्यावे.

परतल्यावरही धक्का बसतो. गुलाहॉर्न या अमेरिकी संशोधक दांपत्याने १९६३ मध्ये यू आलेखाला हा परतीचा खळगा जोडला, त्यामुळे तो डब्ल्यू झाला. हा खळगा जास्त एकाकी असतो, कारण आपल्याच घरी आलेल्या माणसाला काही जड जात असेल हे घरच्यांना पटत नाही. रांगेत कुणी मध्ये घुसले की तो चिडतो आणि ‘फॉरेनची हवा लागली’ असे ऐकून घेतो.